फंडीच्या आखातातली चुकीची नोंद

एडमंटनच्या आपल्या मंडळात गणपतीच्या जेवणानंतर मी सॅमनची गोष्ट सांगायचो, ती पुष्कळांना आठवत असेल. मी तरुणपणी पूर्वेकडच्या समुद्रात सॅमन पाळायचो. आमच्याकडे एक गडी होता. माशांवर त्याची इतकी माया, की ऐन उन्हाळ्यात एका दुपारी त्याने त्यांना खाऊ घालघालूनच मारलं. मी हाताने फावडं मारायची नक्कल करायचो. लोक हसायचे. काहींनी ती गोष्ट पुन्हा पुन्हा मागून ऐकली आहे.

ती गोष्ट खोटी आहे. मासे मेले हे खरं, पण ते माझ्या चुकीने मेले. त्या गड्याला नाव आहे, लिओनार्ड. यंदाच्या मे महिन्यात मी न्यू ब्रन्सविकला, फंडीच्या आखाताकाठी, जाऊन त्याला भेटून आलो. जे हसले त्यांच्यासाठी आणि जे त्या बाजूला कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. लहान गाव आहे, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला. आम्ही ढिवर. तळ्यात जाळं टाकणं हा आमचा पिढीजात धंदा. माझे वडील काठावर उभे राहून, पाण्यावर उठणारे बुडबुडे बघून खाली मरळ आहे की रोहू ते सांगायचे. मी शिकलो, मत्स्यशास्त्राची पदवी घेतली, तळ्यांवर सरकारी नोकरी केली आणि मग इकडे आलो. फंडीच्या आखातात तेव्हा सॅमन पाळायला नुकती सुरुवात झाली होती. रोज सकाळी प्रत्येक पिंजऱ्यातल्या पाण्याचा प्राणवायू मोजून तो आकडा पाटीवर खडूने लिहायचा, हे माझं काम. पाटी वाचायची आणि त्याप्रमाणे चारा टाकायचा, हे लिओनार्डचं.

मॉन्ट्रियलहून निघताना

माझी मुलगी शुभा मॉन्ट्रियलला असते. एडमंटनहून विमानाने तिच्याकडे गेलो आणि पुढे तिच्या गाडीने. कुंदा, म्हणजे माझी बायको, गुडघ्यांमुळे आली नाही. पण तिने काळ्या मसाल्याचा डबा बरोबर दिला. तो बॅगेत फुटला. ती बॅग शुभाच्या कपड्यांना टेकून होती.

"बाबा, माझा विंटर कोट आता तीन वर्षं रश्श्यासारखा वास मारणार."

"मे महिन्यात विंटर कोट कशाला घेतलास?"

"बिकॉज आय चेक्ड द वेदर," ती म्हणाली. तिचंच बरोबर निघालं. तिथे पोचल्यावर तो मसालेदार कोट तिच्या अंगावरून उतरला नाही.

आपण कोणाकडे चाललो आहोत, एवढंच तिला ठाऊक होतं: बाबांचा जुना मित्र, जो दर नाताळात डल्स पाठवतो. डल्स म्हणजे तिकडचं जांभळं समुद्री शेवाळ, वाळवून खातात. खारट, चामड्यासारखं चिवट. पण एकदा सवय लागली की हात थांबत नाही. जवळजवळ चाळीस वर्षं तो खोका न चुकता येतो. दर वेळी मी तो दोन दिवस न उघडता तसाच ठेवायचो. का, ते फक्त कुंदाला माहीत होतं.

गाव

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. फंडीची ओहोटी पाहिल्याशिवाय खरी वाटत नाही. धक्का दोन मजली इमारतीएवढा उंच दिसत होता आणि त्याच्या पायथ्याशी होड्या चिखलात आडव्या बसल्या होत्या, दुपारी गोठ्यात बसलेल्या म्हशींसारख्या. सहा तासांनी त्याच होड्या आपल्या पायांच्या पातळीवर येतात. माणसांचं जेवणखाण, झोप, भांडणं, सगळं या पाण्याच्या वेळापत्रकावर चालतं.

पेट्रोल पंपावरच्या मुलीला लिओनार्डचं घर विचारलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या. "कोण लिओनार्ड?" मी आडनाव सांगितलं. "अच्छा, स्कूप! मग असं सांगा ना! चर्चच्या मागचं पिवळं घर."

स्कूप म्हणजे चारा टाकायचं पसरट, खोलगट फावडं.

"क्यूट नेम," शुभा म्हणाली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. नाताळच्या कार्डांवर तो लिओनार्ड अशी सही करायचा. गावाने त्याचं दुसरं बारसं केलं आहे, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

तो दारातच उभा होता. पाठीत वाकला आहे, पण हात अजून वल्ह्यांसारखे. माझ्या वासुदेव या नावाचं त्याने पहिल्या दिवशीच वॅझ केलं होतं, ते तसंच होतं.

"वॅझ! मला वाटलं तू मेलास. कार्ड लिहिणारी तुझी बायकोच असावी."

"अक्षर तिचंच असतं."

"मग तिला का नाही आणलं? तुझं काय करू मी?"

त्याने माशाचं चाउडर केलं होतं, म्हणजे दूध, बटाटा आणि मासा घातलेलं दाट सूप. मीठ सोडून त्यात मसाला म्हणून काही नसतं. आपल्याकडच्या माणसाला ते आजाऱ्याचं जेवण वाटेल. पण बाहेर धुकं दाटलेलं असताना आणि हाडं गारठलेली असताना त्याची किंमत कळते. लिओनार्डची बायको वारली आहे. फार्मवरून काढल्यावर काही वर्षं तो शिंपल्यांच्या बोटींवर गेला, मग शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी झाला. गावातल्या दोन पिढ्या त्याच्या हातचं जेवल्या आहेत, हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

जेवल्यावर कुंदाचा फोन आला.

"सांगतलं का त्याले?"

"आजच आलो ना. उद्या."

"चाळीस वर्सं झाले तुमच्या उद्याले," ती म्हणाली आणि तिने फोन शुभाला द्यायला सांगितला.

पिंजऱ्यांवर

लिओनार्डची मुलगी जोआन त्याच आखातातल्या एका फार्मवर आहे. चारा टाकण्याची सगळी व्यवस्था तिच्या हाताखाली. तिने आम्हाला बोटीने न्यायचं ठरवलं, तेही भरतीच्या वेळी, म्हणजे माझ्या गुडघ्यांना धक्क्याची शिडी उतरावी लागू नये. पाण्यात पडलो तर तरंगावं म्हणून एक नारिंगी जाड पोशाख चढवला. त्याच्या एका पायात माझे दोन पाय एकदम मावले असते.

"तू येत नाहीस?" मी लिओनार्डला विचारलं.

"पाणी खूप पाहिलं," तो म्हणाला आणि आत गेला.

आमच्या काळी लाकडी चौकोनी पिंजरे असायचे, गावच्या सुताराने बनवलेले. आता जाड प्लास्टिकच्या नळ्यांची भली मोठी गोल रिंगणं आहेत, खाली जाळं, वरूनही पक्ष्यांसाठी जाळं. मधोमध एक तरंगतं घरच नांगरलेलं. त्यात चाऱ्याची कोठारं आणि एक उबदार खोली. खोलीत जोआन कॉफीचा मग घेऊन आठ पडद्यांसमोर बसते. पाण्याखाली कॅमेरे आहेत. बटण दाबलं की हवेच्या जोराने दाणे नळीतून पिंजऱ्यात उडतात आणि रुपेरी मासे एकाच दिशेने गोल फिरत ते टिपतात. दाणे न खाता खाली जाताना दिसले की पोटं भरली, चारा बंद.

मला आमची तळी आठवली. चारा टाकायचा प्रश्नच नव्हता. पाऊस, शेण आणि दैव यांच्यावर मासा वाढायचा. जोआनला हे सांगितलं तर ती हसून म्हणाली, "दैवाचा खर्च कमी असतो, मिस्टर डहारे."

तेवढ्यात शुभाने पडद्याकडे बोट दाखवत उत्साहाने विचारलं, "बाबा, तुमच्या गोष्टीतला तो माणूस, दुपारी खाऊ घालून मासे मारणारा, तो इथलाच का?"

जोआनने कॉफीचा मग खाली ठेवला. चेहरा हसराच होता. "तो माझा बाप," ती म्हणाली. "म्हणजे गोष्ट एडमंटनपर्यंत पोचली तर!"

शुभाचा चेहरा उतरला. ती सॉरी म्हणत राहिली. जोआननेच तिची समजूत घातली. "सवय आहे गं. मी इथे लागले तेव्हा वर्षभर मला चाऱ्याला हात लावू दिला नाही कोणी. स्कूपची पोरगी! जाळी धुवायला लावली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही होतात ना तेव्हा? खरंच इतका चारा टाकला होता त्यांनी?"

एका पडद्याच्या कोपऱ्यात प्राणवायूचा आकडा हिरव्या रंगात लुकलुकत होता. तोंड उघडायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "खूप वर्षं झाली."

परतल्यावर शुभाने गाडी सुरू केली नाही. मी तिला तिथेच, धक्क्यावर, सगळं सांगितलं. शेवटी ती हळूच म्हणाली, "बाबा, यू मेड अस लाफ ॲट हिम." मग काचेवरचं धुकं पुसत मराठीत म्हणाली, "मी पण शाळेत सांगायचे ती गोष्ट."

लिओनार्डचं स्वयंपाकघर

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जोआन जेवायला येणार होती. तिने पाठवलेला अख्खा सॅमन ओट्यावर होता. ठरलं असं, की अर्ध्या माशाचं मी करायचं आणि अर्ध्याचं लिओनार्डने.

मी रोहूचं करतात तसं केलं. कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटलं, बॅगेतून गोळा केलेला मसाला घातला, चिंचेचा कोळ, रश्श्याला उकळी, आणि उकळत्या रश्श्यात तुकडे. दहा मिनिटांत तुकड्यांचा भुगा झाला आणि वर बोटभर तेल आलं.

लिओनार्डने डोकावून पाहिलं. "वॅझ, हा मासा आळशी आहे. जन्मभर बसून खाल्लंय त्याने. तुझ्या तळ्यातल्या माशासारखा उकळलास तर विरघळणारच."

त्याची पद्धत अशी. पाण्यात मीठ घालून ते गरम करायचं, उकळू द्यायचं नाही, आच बंद करून मासा त्यात ठेवून द्यायचा आणि झाकण लावून विसरून जायचं. बरोबर नवे बटाटे, उकडलेलं अंडं घातलेला दुधाचा सॉस आणि फिडलहेड, म्हणजे नेच्याचे गुंडाळलेले कोवळे कोंब. ते तिकडे मे महिन्यात ओढ्याकाठी मिळतात आणि नीट उकडावे लागतात, नाहीतर पोट बिघडतं. माझा रस्सा गाळून वाचवायचा उपायही त्यानेच सुचवला: मासा तव्यावर कातडीच्या बाजूने कुरकुरीत परतायचा आणि रस्सा शेवटी भोवती ओतायचा. ज्यांच्याकडे असा पाळलेला सॅमन येतो त्यांनी असंच करावं. रश्श्यात टाकू नये.

तो चिमट्याने उरलेल्या तुकड्यातले बारीक काटे उपटत होता. मी गॅस बंद केला.

"लिओनार्ड, त्या दिवशी पाटीवर मी सहा लिहिलं होतं."

"माहीत आहे. ते बघूनच टाकला मी चारा." पोट भरलेल्या माशाला प्राणवायू जास्त लागतो, म्हणून साडेपाचच्या खाली आकडा गेला तर चारा बंद, हा आमचा नियम होता.

"सहा नव्हतं. पाचच्याही खाली होतं."

चिमटा थांबला. मी सांगत गेलो. प्राणवायू मोजायच्या यंत्राला पाण्याचा खारेपणा लावायचा एक फिरता खटका असायचा. खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून समुद्रात तो खटका बत्तीसवर लावायचा. मी जन्म काढला गोड्या पाण्याच्या तळ्यांवर. तिथे खटका कायम शून्यावर. हाताला तीच सवय. त्या सकाळी यंत्र पुसून मी तो सवयीने शून्यावर फिरवला, आणि यंत्राने प्रत्येक आकडा पाचवा हिस्सा वाढवून सांगितला.

"तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. यंत्र आवरताना."

"त्याच संध्याकाळी," तो म्हणाला. "मला शुक्रवारी काढलं."

"हो."

"हिवाळ्यात तू एडमंटनला निघालास तेव्हा विमानतळावर मी सोडलं तुला."

"हो."

"दीड तास गाडीत होतो आपण. मी तुला सँडविच बांधून आणले होते."

"हो, लिओनार्ड."

ज्या मॅनेजरने त्याला काढलं, त्याच्याच सहीसाठी माझे इमिग्रेशनचे कागद तेव्हा अडकले होते, हे कारण माझ्या जिभेवर होतं. ते खरंही आहे. पण पूर्ण खरं नाही. तिथला सगळ्यांत जास्त शिकलेला माणूस मी होतो, आणि खटका चुकला हे मला सांगवलं नाही. मी तेवढंच म्हणालो. मग म्हणालो, "मला माफ कर."

"ते आज मागू नकोस." त्याने चिमटा सिंकमध्ये टाकला. आवाज चढला नव्हता. "तुला ठाऊक आहे, त्या दुपारी पहिलं फावडं टाकल्यावरच मला वाटलं होतं, आज यांचं काहीतरी बिनसलंय. वर येतात, पण घेत नाहीत नीट. मी थांबणार होतो. मग पाटी बघितली. म्हटलं, वॅझ शिकलेला आहे, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं." तो खुर्चीवर बसला. "त्यानंतर मी माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही. बोटीवरसुद्धा. म्हणून सोडली बोट."

मला वडील आठवले, काठावर उभे, बुडबुडे बघणारे. असाच माणूस शेजारी होता आणि मी त्याच्यापुढे खडूने लिहिलेला आकडा ठेवला.

"मला सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "जोआनला सांग. जाळी तिने धुतली."

जोआन आली. जेवण वाढलेलं असतानाच मी सांगितलं. ती या धंद्यातली, तिला अर्ध्यातच कळलं. "खटका शून्यावर? आणि वाचलं सहा?" डोळे क्षणभर वर गेले. "म्हणजे चार पॉइंट नऊ." बापाकडे पाहून ती पुन्हा म्हणाली, "चार पॉइंट नऊ, डॅड!" मग उठली, भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि पेनसकट माझ्या ताटाशेजारी ठेवलं. "लिहा. सही करा. आमच्या खोलीत लावणार आहे मी. तिथे सगळे येतात."

मी लिहिलं. तेच इथे मराठीत देतो, आणि मंडळातल्या माझ्या गोष्टीच्या जागी यापुढे हेच धरावं: त्या दिवशी पिंजऱ्यातला प्राणवायू सहा नव्हता, पाचच्या खाली होता. यंत्र मी चुकीचं लावलं. लिओनार्डने नियमाप्रमाणे चारा टाकला. चूक माझी होती, ती मला त्याच दिवशी कळली आणि मी गप्प बसलो.

शुभाने पान वाचून जोआनकडे दिलं. लिओनार्डने रस्सा दोनदा घेतला. दुसऱ्यांदा वाटी पुढे करताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे चांगलं आहे. मासा तेवढा तू बिघडवलास."

त्या दिवशी मी स्वतः होऊन कुंदाला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "जेवला ना तो?" जेवला म्हटल्यावर तिला हायसं वाटलं असावं, पण मला तिने शाबासकी दिली नाही.

निघायच्या दिवशी

सकाळची भरती सहाच्या सुमाराला होती. जोआनला निरोप द्यायला आम्ही धक्क्यावर गेलो तर लिओनार्ड तिथे होता. जुने रबरी बूट, आणि तो नारिंगी पोशाख त्याला नेमका बसलेला. जोआन काही न विचारता त्याच्यासाठी बोटीत जागा करत होती.

"मीही येऊ का?" मी विचारलं.

"बोट माझी नाही," तो म्हणाला. जोआनने हात देऊन मला आत घेतलं.

वाटेत तो पुढच्या टोकाला उभा राहिला. धुकं वितळत होतं, पाणी काचेसारखं होतं. तरंगत्या खोलीत पोचल्यावर पडद्यांपुढे बसायला त्याने नकार दिला. माझं लिहिलेलं पान जोआनने सूचनाफलकावर लावलं, तेही त्याने वाचलं नाही. तो बाहेर गेला आणि सगळ्यांत जवळच्या रिंगणाच्या कठड्याला धरून पाण्याकडे बघत राहिला. मी आणि शुभा दारात उभे होतो, जोआन बटणापाशी. दार उघडंच ठेवलं होतं.

तिने चारा सुरू केला. नळी घरघरली, दाणे पावसासारखे पडू लागले, पाणी उसळलं. मासे हवेत उडत होते. लिओनार्ड हलला नाही. असा बराच वेळ गेला. पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं; मासे फिरत होते, दाणे टिपत होते.

लिओनार्डने हात वर केला. "बंद कर."

जोआनने पडद्याकडे बघितलंच नाही. ती उघड्या दारातून बापाकडे बघत होती. तिने बटण दाबलं.

घरघर थांबली. मग मी पडद्याकडे पाहिलं. पाच-सहा दाणे माशांच्या मधून संथपणे खाली चालले होते आणि एकही मासा त्यांच्याकडे वळत नव्हता.